लंबकाची गुरगुर

रोपवाले चार वाजता येणार होते, आणि दादानं सकाळी आठलाच लंबकाची वाटी धुऊन, पुसून पिशवीत भरून ठेवली. वाटीशेजारी त्याचा ब्रश, त्याच्या अंगाखालची जुन्या चादरीची घडी आणि अर्धा पुडा बिस्किटं. दुरुस्त झालेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हवाली करताना बांधतो तसे त्यानं पिशवीचे बंद नीट बांधले. मग टेबलाशी बसला, डोळ्याला भिंग लावलं आणि रविवार असूनही काम काढलं. टेबलाखाली दादाच्या पावलांवर हनुवटी टेकून आमचा कुत्रा लंबक झोपला होता. झोपेतही त्याची शेपटी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे एका लयीत हलत होती. त्या शेपटीवरूनच त्याचं नाव पडलं होतं.

मी जिन्यात उभी राहून हे सगळं पाहिलं आणि एक शब्द बोलले नाही.

न बोलणं आमच्या घरात नवीन नव्हतं. बाबांच्या वेळेपासून खाली दुकान आणि वर घर. बाबा घड्याळजी, त्यांच्यामागं दादा घड्याळजी. दादा माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, पण अख्खी गल्ली त्याला दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणते. घड्याळांचे कातडी पट्टे मी शिवते. तिसरा आमचा शेंडेफळ, मास्तर. तो शाळेत गणित शिकवतो आणि बायकोमुलीसह वरच्या मजल्यावर राहतो.

बाबांचा नियम एकच होता. टेबलावर काम चालू असताना आवाज नाही. चिमट्यात केसाहून बारीक स्प्रिंग धरलेली असायची. कुणी दार आपटलं, कुणी हाक मारली की हात हलायचा, स्प्रिंग उडायची आणि मग सगळ्या घरानं गुडघ्यांवर बसून फरशी चाळायची. बाबा कधी ओरडले नाहीत. नुसतं उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. ते बोट वर गेलं की रडतं पोर हुंदका गिळून टाकायचं. सहा वर्षांची असताना माझा अंगठा दुकानाच्या दारात चेमटला होता. तेव्हा बाबांचं बोट वर होतं, म्हणून मी ओठ दाताखाली धरून तशीच उभी राहिले. संध्याकाळी बाबांनी चार माणसांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही खरी घड्याळजीची पोर." ती शाबासकी मला जन्मभर पुरली. तिच्यात काही चुकलं होतं हे कळायला केस पांढरे व्हावे लागले.

बारा दिवसांपूर्वी लंबकानं चिमणीच्या मनगटाचा चावा घेतला होता. चिमणी ही मास्तरची मुलगी, सात वर्षांची. तीन टाके पडले. त्याआधी दोन वर्षांत त्यानं एका गिऱ्हाइकाला आणि एकदा मीटर वाचायला आलेल्या माणसाला असंच धरलं होतं. पण ती परकी माणसं. दादानं हात जोडून, स्वतः दवाखान्यात नेऊन ते निभावलं होतं. आता घरचं लेकरू होतं. तिन्ही वेळा सगळ्यांचं म्हणणं एकच, की कारण नाही, आवाज नाही, इशारा नाही, एकदम दात.

दवाखान्यातून आल्यावर वहिनीनं, म्हणजे मास्तरच्या बायकोनं, दुकानाच्या मधोमध उभं राहून सांगितलं होतं, "तो जाईल, नाहीतर आम्ही जाऊ." एवढं बोलून ती वर निघून गेली.

रोपवाल्यांना फोन मीच केला. गावाबाहेर त्यांची रोपवाटिका आहे, चारी बाजूंनी भिंत, आणि त्यांची म्हातारी कुत्री गेल्याच वर्षी गेली होती. दादाला वाटलं, ताईनं वहिनीची बाजू घेतली. वहिनीला वाटलं, चला, या घरात एकीला तरी माझ्या पोरीची काळजी आहे. दोघांचाही अंदाज चुकीचा होता. माझं कारण वेगळं होतं आणि ते मी बारा दिवस गिळून बसले होते.

*

वहिनी त्या सकाळी स्वयंपाकघरात काय करत होती ते तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती पोळपाटासमोर नुसती उभी होती. हॉस्पिटलात नर्स म्हणून तिनं माणसं मरताना पाहिली होती, पण स्वतःच्या मुलीचा हात धरून टाके घालताना पाहणं तिला पेललं नव्हतं. आणि तिची खरी पंचाईत ही होती की लंबकावर तिचा जीव होता. रात्रपाळी करून ती सकाळी परत यायची तेव्हा सगळं घर कामाला लागलेलं असायचं. तिच्यासाठी जागा सोडून उठायचा तो एकटाच. एकेक पायरी तिच्याबरोबर चढायचा, तिनं चपला काढेपर्यंत थांबायचा आणि मग खाली जायचा.

मास्तर दारात येऊन उभा राहिला.

"अगं, आणखी एकदा विचार करायचा का?"

"मी केलाय विचार. तुम्ही करा. गणिताचे मास्तर ना तुम्ही? दोन वर्षांत तीन चावे. पुढचा कधी, ते मांडा गणित."

"दादाचं तोंड बघवत नाही."

"चिमणीचं मनगट बघवतं?"

मास्तर गप्प झाला. भांडणात गप्प होण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"हे बघा," वहिनी म्हणाली, "मला तो नकोय असं नाही. तो कधी चावेल ते मला कळत नाही. एखादा पेशंट बिघडायचा असला की आधी काहीतरी दिसतं हो. ताप चढतो, नाडी पळते. याचं काहीच दिसत नाही. ज्याचं काही दिसत नाही, त्याच्याबरोबर लेकरू कसं ठेवायचं?"

मास्तर मान हलवत बाहेर आला आणि थेट खाली दुकानात गेला. जाताना त्यानं ठरवलं होतं की दादाला सांगायचं, मी बोलतो हिच्याशी, आणखी महिनाभर बघू. पण खाली दादा भिंग लावून बसला होता. मास्तर टेबलापासून चार हातांवर थांबला. लहानपणी बाबांनी त्याला तिथंच थांबवलं होतं. त्याचा हात कापायचा. सात-आठ स्प्रिंगा त्यानं उडवल्यावर बाबांनी एक दिवस काही न बोलता त्याचं स्टूल टेबलापासून उचललं आणि भिंतीला लावून ठेवलं. त्यानंतर दुकान कुणाचं याची चर्चा आमच्या घरात झालीच नाही. ते स्टूल अजून त्याच भिंतीला आहे.

"दादा," मास्तर म्हणाला.

दादाचं बोट वर गेलं. नेहमीसारखंच, मान न उचलता.

मास्तर आल्या पावली परत फिरला, आणि जिन्यात मला म्हणाला, "जाऊ दे लंबकाला. सगळंच जाऊ दे." मघाशी जो दादाच्या बाजूचा होता, तो चौदा पायऱ्यांत बायकोच्या बाजूचा झाला होता.

*

साडेतीनला आम्ही सगळे दुकानात जमलो. भिंतीवर वीस-बावीस घड्याळं. दादा ती मुद्दाम थोडी पुढंमागं लावतो, म्हणजे ठोके एकावर एक पडत नाहीत आणि प्रत्येकाची प्रकृती वेगळी ऐकू येते. चार वाजायला लागले की आमच्याकडं तीन-चार मिनिटं चारच वाजत राहतात.

चिमणी वहिनीच्या मांडीवर होती, मनगटाला पट्टी. लंबक टेबलाखाली, दोरी दादाच्या हातात.

"त्याची सवय लिहून ठेवलीय मी," दादा कागद पुढं करत मला म्हणाला. "कधी खातो, कधी फिरतो. रोपवाल्यांना दे."

"तूच दे की. तुझ्यासमोरच येतायत."

"मला जमायचं नाही, ताई."

"मग देऊच नको ना कुत्रा," मास्तर फटकन म्हणाला. "कागद द्यायला जमत नाही, कुत्रा द्यायला बरं जमतं!"

"तुला काय वाटतं, मी खुशीनं देतोय?"

"तू कशानं देतोयस ते कधी कळलंय का आम्हाला?"

"हळू," दादा म्हणाला.

"हळूच बोलतोय!"

वहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. सकाळी तो कुत्र्याचा होता, मग तिचा झाला, आता पुन्हा कुत्र्याचा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि तिच्या पाठोपाठ घड्याळांनीही चार वाजवायला सुरुवात केली.

रोपवाले आत आले तेच मोठ्यानं बोलत. जन्मभर पाण्याच्या पंपाशेजारी काम करून त्यांचे कान अधू झाले होते, त्यामुळं ते सगळ्या जगाशी भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलत.

"काय हा कारखाना! एकाच वेळी चार की वीस वाजले?"

दादाचं बोट सवयीनं हललं, मग गुडघ्याखाली गेलं.

"हाच का आमचा पाहुणा? रुबाबदार आहे की! शेपूट बघा!"

मी चहा आणला. रोपवाल्यांनी खुर्ची दूर सरकवून घेतली, लंबकाकडं न बघता बसले, हात मांडीवर उलटा ठेवला. कुत्र्यांत राहिलेला माणूस होता. लंबक येऊन त्यांचा हात हुंगून परत गेला.

"खातो काय?"

दादानं सांगितलं.

"वय?"

"पाच."

"चावला कितीदा?"

"तीनदा," वहिनी म्हणाली. "लपवून ठेवायचं नाही. तिसऱ्यांदा हिला."

रोपवाल्यांनी चिमणीच्या पट्टीकडं पाहिलं, आणि ते चुकचुकले. "अरेरे. आणि चावायच्या आधी किती गुरगुरतो? जवळ आलं की लगेच, का हात लावल्यावर?"

"गुरगुरत नाही," दादा म्हणाला. त्या क्षणीसुद्धा त्याच्या आवाजात किंचित अभिमान आला. "कधीच नाही. चार वर्षांत कुणी त्याचा आवाज ऐकलेला नाही. या दुकानात तसं चालत नाही."

रोपवाल्यांनी कप खाली ठेवला.

"मग नको."

"म्हणजे?"

"म्हणजे मला नको हा कुत्रा. गुरगुरणारा कितीही वाईट असू द्या, मी ठेवतो. तो सांगतो तरी, बाबा रे, इथून पुढं येऊ नको. न सांगणारा नको. माझ्याकडं दहा बायका रोपांवर वाकून काम करतात."

दादाचा हात दोरीवर आवळला गेला. रोपवाले नाही म्हणाले तर पुढं काय, हे गेल्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते आम्ही कुणीच तोंडानं उच्चारलं नव्हतं. शेवटची सुई.

"पण गुरगुरत कसा नाही?" रोपवाले म्हणाले. "कुत्रं आहे ना ते? सगळी कुत्री गुरगुरतात. लहानपणी तरी गुरगुरला असेल."

"सहा महिन्यांचा असताना," दादा सावकाश म्हणाला. "गिऱ्हाइकं टेबलावर वाकली की. माझा हात हलायचा. मी शिकवलं त्याला. बोट वर केलं आणि तो गप्प झाला की बिस्कीट. चार महिने लागले. लोक बघायला यायचे."

ते खरं होतं. मीही चार जणींना बोलावून दाखवलं होतं. खरा घड्याळजीचा कुत्रा, असं मीच म्हणाले होते, बाबांच्याच शब्दांत.

तेव्हा चिमणी आईच्या मांडीवरून म्हणाली, "मी पण केलं होतं."

"काय केलं होतंस?" वहिनीनं विचारलं.

चिमणीनं दादाकडं बघितलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं. "मोठेकाका रागावतील. ते बोट फक्त मोठ्यांनी करायचं असतं."

"मी नाही रागावणार," दादा म्हणाला. "सांग."

"मी टेबलाखाली गेले ना, तेव्हा त्यानं असा ओठ वर केला. त्याचे दात दिसले. मग मी बोट वर केलं." तिनं पट्टी बांधलेल्या हाताचं इवलंसं बोट वर केलं, मान ताठ, अगदी दादासारखं, अगदी बाबांसारखं. टेबलाखाली लंबकानं लगेच कान मागं टाकले आणि खाली बघितलं. "मग तो शहाण्यासारखा गप्प झाला. मग मी त्याचा पाय धरला. मग चावला."

रोपवाले एकेकाकडं आळीपाळीनं बघत राहिले.

"त्यानं सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पोरीला सांगितलं होतं त्यानं. आणि पोरीनं त्याला..." तिनं चिमणीला मांडीवरून उतरवलं आणि ती उभी राहिली. "भाऊजी, आता मी बोलते. आणि बोट वर करू नका."

"नाही करत."

"नऊ वर्षं झाली मला या घरात येऊन. माझ्या माहेरी खाली पत्र्याचे डबे ठोकायचे आणि वर आम्ही सात भावंडं. ओरडल्याशिवाय कुणाला मीठसुद्धा मिळायचं नाही. इथं आले, आणि आठव्या दिवशी जिन्यात गाणं म्हणत खाली येत होते. तुम्ही बोट वर केलंत. मला वाटलं, कुणी गिऱ्हाईक आलंय. दुसऱ्या दिवशीही केलंत. त्यानंतर मी या घरात गायलेलं कुणी ऐकलंय का? वन्सं, तुम्ही ऐकलंय?"

मी मान हलवली. ती गाते हेच मला माहीत नव्हतं.

"मला खरंच लक्षात नाही," दादा म्हणाला.

"कसं असेल? मी कुठं सांगितलं! गप्प बसले. चिमणीच्या वेळी डोहाळे लागले तेव्हा गप्प, माहेरची माणसं मोठ्यानं हसतात म्हणून त्यांना इथं बोलावायचं बंद केलं तेव्हा गप्प. आणि बारा दिवसांपूर्वी एकदम येऊन म्हणाले, तो जाईल नाहीतर आम्ही जाऊ. नऊ वर्षांत एकदा तोंड उघडलं ते थेट चावायलाच. माझ्यात आणि त्याच्यात काय फरक आहे, सांगा बघू?"

"आहे की," मास्तर म्हणाला. "तू बिस्किटावर गप्प झाली नाहीस."

हसू नये अशा वेळी रोपवाले मोठ्यांदा हसले, आणि वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते नेमकं कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं.

"मला पण एक बोलायचंय," मास्तर म्हणाला. तो भिंतीपाशी गेला आणि ते स्टूल उचलून त्यानं टेबलाजवळ आणून आपटलं. आपटलंच. भिंतीवरची दोन घड्याळं थरथरली. "बाबांनी हे उचललं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तू बघत होतास, दादा. एकदा तरी म्हणायचंस, राहू दे त्याला."

"मी तेरा वर्षांचा होतो!" दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. माझ्या आठवणीत त्या दुकानात दादाचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुला वाटतं मला हवं होतं हे टेबल? तू शाळेत गेलास, बाहेर पडलास, मोठ्यानं शिकवतोस, पोरं मोठ्यानं पाढे म्हणतात. मी चाळीस वर्षं इथं श्वास धरून बसलोय! माझ्याशी बोलायला सुद्धा सगळे चार हातांवर थांबतात!"

"बोट कोण वर करतं?"

"मी करतो! दुसरं काय येतं मला!"

"करा, करा, बोलून घ्या," रोपवाले म्हणाले. "मला घाई नाही. झाडांना पाणी घालूनच निघालोय."

आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि गिळलेलं घशाशी आलं होतं.

"पट्टा माझा होता," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं वळले.

"शिवून उरलेला एक तुकडा होता. चिमणी मागं लागली होती, मी कामात होते. म्हटलं, जा, लंबकाच्या पायाला घड्याळ बांध. गंमत म्हणून. ती त्यासाठीच टेबलाखाली गेली. पट्टा तिथंच पडला होता, तो मी उचलून खिशात घातला. आणि मग रोपवाल्यांना फोन केला, कारण लंबक समोर दिसला की मला ते सगळं आठवायचं." मी पट्टा काढून टेबलावर ठेवला. बोटभर कातडं, एक बक्कल.

वहिनीनं तो पट्टा उचलून हातात उलटसुलट फिरवला. मला वाटलं, आता ही आयुष्यभर माझ्याशी बोलायची नाही.

"वन्सं," ती अखेर म्हणाली, "तुम्ही तर आमच्या सगळ्यांच्या वरताण निघालात."

*

निर्णय तिनंच दिला. कुणी तिला द्यायला सांगितला नव्हता, पण त्या खोलीत स्वतःला काय हवं ते माहीत असलेली ती एकटीच होती.

"तीन महिने," ती म्हणाली. "जिन्याच्या तोंडाशी जाळीचं दार बसवायचं. तो खाली, चिमणी वर. मध्ये कुणी मोठं माणूस असल्याशिवाय दोघं एका खोलीत येणार नाहीत. दुकान उघडं असताना त्याच्या तोंडाला जाळी. टेबलाखाली झोपायचं बंद, त्याला स्वतःचा कोपरा, तिथं कुणी हात घालायचा नाही. आणि बोट बंद. त्याच्यासाठी बंद, माझ्यासाठी बंद, सगळ्यांसाठी बंद. जनावरांच्या डॉक्टरांकडं मी स्वतः जाऊन विचारते आणखी काय करायचं ते. या तीन महिन्यांत एकदा जरी कुणाला दात लागला, तर मी कुणाचं ऐकणार नाही. पटतंय?"

"आणि स्प्रिंगा उडाल्या तर?" दादानं विचारलं.

"तर शोधा!"

रोपवाले उठले. दादानं लिहिलेला कागद त्यांनी घडी करून परत दादाच्याच खिशात कोंबला.

"याला पुन्हा गुरगुरता यायला लागलं की फोन करा," दारातून ते ओरडले. "मग मी एका पायावर नेतो!"

ते गेल्यावर दादानं पिशवी उघडली, वाटी काढली, आणि ती कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरून उभा राहिला. मास्तरनं ती त्याच्याकडून घेतली आणि कोपऱ्यात, स्टुलाच्या जुन्या जागेवर, भिंतीशी ठेवली.

*

ते तीन महिने सोपे गेले असं सांगितलं तर ते खोटं होईल. जाळीच्या दाराला सगळे ठेचकाळत होते. चिमणी वरच्या पायरीवर बसून जाळीतून लंबकाला धडे वाचून दाखवायची. दादाचं बोट दिवसातून दहादा वर जायचं आणि दहादा कुणीतरी "दादा!" म्हणायचं. मास्तर रविवारी स्टुलावर बसून मोठी, भिंतीवरची घड्याळं उघडायला लागला. त्यांना हात कापला तरी चालतो, आणि हे दादाला मनातून तीस वर्षं माहीत होतं. वहिनी जिन्यातून उतरायची, पण गप्पच. तिला मी एकदा म्हटलं, "गा की आता." ती म्हणाली, "सांगून येतं का ते, वन्सं?"

लंबकही गप्पच होता. ओठ वर व्हायचा, कुणी मागं सरकलं की त्याला शाबासकी मिळायची, पण घशातून काही निघत नव्हतं. दुसरा महिना संपताना दादा मला म्हणाला, "ताई, मी त्याचा आवाज मोडलाय. मोडलेलं मला सगळं दुरुस्त करता येतं, एवढंच येत नाही."

त्याच्या तीन आठवड्यांनंतरची गोष्ट. कामाचा दिवस, सकाळची अकराची वेळ. दादाच्या चिमट्यात स्प्रिंग होती, मी पट्ट्याला भोकं पाडत होते. वहिनी रात्रपाळीहून उशिरा आली होती आणि जाळीच्या दारापलीकडं, जिन्याच्या पायथ्याशी चपला काढत होती. एक उंच गिऱ्हाईक घड्याळं बघता बघता कोपऱ्यापर्यंत गेलं आणि "वा, किती छान कुत्रा," म्हणत वाकलं.

तेव्हा तो आवाज आला. खोल, खरखरीत, अडखळणारा. वर्षानुवर्षं किल्ली न दिलेलं घड्याळ चालू होताना आधी घसा साफ करतं ना, तसा.

दादाचा हात उडाला. स्प्रिंग चिमट्यातून निसटली आणि कुठं गेली ते कुणालाच दिसलं नाही. त्याचं उजवं बोट वर यायला निघालं, छातीपर्यंत आलं, आणि तिथून परत फिरलं.

"मागं व्हा," दादा गिऱ्हाइकाला म्हणाला, स्पष्ट आणि मोठ्यानं. "तो सांगतोय ते ऐका."

ते बिचारं तीन पावलं मागं झालं. गुरगुर थांबली. लंबकानं एक मोठा सुस्कारा टाकला आणि घडीवर डोकं टेकलं. शेपटी एकदा डावीकडं गेली, एकदा उजवीकडं.

"शाब्बास," दादा म्हणाला. मग त्यानं वहिनीकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती आली. "आता... रोपवाल्यांना फोन करायचा का?"

वहिनी एक चप्पल हातात धरून उभी होती. बारा तासांच्या कामानं तिचे डोळे लाल झाले होते.

"कशाला?" ती म्हणाली. "आता कुठं तो या घरात बोलायला लागलाय."

आणि जाळीचं दार लोटून ती आत आली, पदर खोचला आणि फरशीवर गुडघे टेकले. तिच्या पाठोपाठ मी, दादा, आणि आम्ही नको म्हणत असताना ते उंच गिऱ्हाईकसुद्धा. तळहातांनी फरशी चाचपत आम्ही चौघं टेबलाखाली रांगत होतो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की वहिनी गुणगुणतेय. आधी तोंडातल्या तोंडात, मग शब्दांनिशी. आवाज काही फार गोड नव्हता, पण भरदार होता, वरच्या मजल्यापर्यंत पोचणारा.

दादानं मान वर केली, ऐकलं, आणि पुन्हा शोधायला लागला.

ती स्प्रिंग आजतागायत सापडलेली नाही.